एका इसमाची अर्धी टाकी

आमच्या घरमालकांची पाठ मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ आहे. कोटी करायचा विचार नव्हता, पण वस्तुस्थितीच तशी आहे त्याला मी काय करणार? मानेवर तीन वळ्या, डाव्या खांद्याखाली चवलीएवढा काळा तीळ आणि बनियनला उजवीकडं पडलेलं भोक, जे दर उन्हाळ्यात थोडं मोठं व्हायचं. मुकुंदवाडीत त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही अकरा वर्षं भाड्यानं राहिलो, आणि तेवढ्या काळात महत्त्वाचं म्हणून जे काही मी त्यांच्याशी बोललो, ते त्यांच्या पाठीशीच बोललो.

ते जिल्हा कोर्टात शिपाई होते. व्हरांड्यात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे काम. सगळं कोर्ट त्यांना मामा म्हणायचं, म्हणून निवृत्तीनंतर गल्लीही मामा म्हणायला लागली. आवाज असा, की स्वयंपाकघरातून त्यांनी मामींना मीठ मागितलं तर समोरच्या घरातून वाटीभर मीठ यायचं.

तर कोर्ट सुटलं तरी मामांचं कोर्ट सुटलं नाही. गल्लीतली भांडणं त्यांच्या अंगणात यायची. भांडण आलं, की मामा प्लॅस्टिकची खुर्ची उचलायचे, फिरवायचे आणि भिंतीकडं तोंड करून बसायचे. मग भिंतीलाच सांगायचे, "बोला. नाव घ्यायचं नाय. रडायचं नाय. बांगड्या वाजवायच्या नायत."

फिर्याद सांगायची ती अशी: "एका इसमाच्या कुंडीतला गुलाब दुसऱ्या इसमानं तोडला." कोण इसम, बाई की बुवा, म्हातारा की तरणा, काही कळता कामा नये. तोंडून चुकून "आमच्या म्हाताऱ्या सासूबाईंचा गुलाब" असं निघालं, की भिंतीवरून आवाज परत यायचा, "म्हातारी कशाला आणली मधी? गुलाब म्हातारा व्हता का?"

निकाल लागला की मग खुर्ची फिरवायचे आणि कोण आलं होतं ते बघायचे. पुष्कळदा त्यांना धक्का बसायचा. पण निकाल फिरायचा नाही.

या खुळाचं मूळ कोर्टात नव्हतं, मेंढरांत होतं. अजिंठ्याकडचं धनगराचं घर त्यांचं. लहानपणी एकदा वडिलांची मेंढरं एका रात्रीत दोन शेतांत शिरली. एक शेत एका विधवेचं, दुसरं गावातल्या एका तालेवार माणसाचं, जो कुणालाच आवडायचा नाही. सकाळी गाव जमलं. विधवेच्या हरभऱ्यासाठी गावानं मामांच्या वडिलांना दोन मेंढ्या द्यायला लावल्या. दुसऱ्या शेताकडं बघून गाव नुसतं हसलं. कुणीतरी तर म्हणे मेंढरांच्या पाठी थोपटल्या.

"माझा बाप लई साधा माणूस," मामा सांगायचे. "त्यो तिथंच म्हनला, अहो, मेंढरानं दोन्हीकडं हरभराच खाल्ला. त्याला काय ठावं, कुणाचा गोड अन् कुणाचा कडू? तर गाव म्हनलं, तू गप, तुझ्या बाजूनंच बोलायलो आमी."

वडिलांनी त्या दुसऱ्या माणसालाही दोन मेंढ्या नेऊन दिल्या. त्यानं त्या ठेवून घेतल्या, आभार मानले नाहीत आणि वर एक मेंढी लंगडी आहे म्हणून तक्रार केली. मामांना ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी हसू यायचं. "बघा. आवडावा असा नव्हताच त्यो. पन हरभरा गेलाच व्हता ना त्याचा?"

घरात टीव्ही होता, तोसुद्धा भिंतीकडं तोंड करून ठेवलेला. बातम्या फक्त ऐकायच्या. संध्याकाळच्या मालिकाही फक्त ऐकायच्या. मामी त्या मालिका चोरून आमच्या घरी येऊन बघायच्या आणि सुनेसाठी पदर ओला करून खाली जायच्या. मामांचं मत वेगळं होतं. "आवाज बंद करून बघितलं तर सून खरी," ते म्हणायचे, "अन् तोंड न बघता ऐकलं तर सासू खरी. चार वर्सं झाली, त्या सासूला कुनी वकील दिला नाय."

मामी मात्र या कारभारात पुऱ्या तयार झाल्या होत्या. एकदा त्यांनी दाराआडून आवाज बदलून फिर्याद दिली. "एका इसमाचा चष्मा खाटेवर होता. दुसरा इसम न बघता त्याच्यावर बसला आणि गुपचूप काच उशीखाली सरकवली." मामा भिंतीकडं बघून संतापले. मोडलं ते मोडलं, लपवलं का? नवीन चष्मा करून द्यायचा आणि पंधरा दिवस दोन्ही वेळची भांडी घासायची, असा निकाल दिला. मग खुर्ची फिरवली. पंधरा दिवस आमच्या वरच्या गॅलरीतून मला मामांची पाठ मोरीत ओणवी दिसायची. एकदाही त्यांनी अपील केलं नाही. फक्त कढई घासताना स्वतःशीच पुटपुटले, "भांडी जरा ज्यास्तच झाली. बघून दिला असता निकाल, तर आठच दिवस दिले असते."

आता पाण्याकडं येतो, कारण आमच्या शहरात कुठूनही निघालं तरी माणूस पाण्याकडंच येतो. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा, रविवारी. बाकी सहा दिवस ज्याची त्याची टाकी, ज्याचा त्याचा देव.

कोपऱ्यावर एक खाला राहायच्या. गल्लीतल्या तीन पिढ्यांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवले होते. माझ्या मुलीचा सातवीतला फ्रॉक त्यांचा आणि बारावीतला पंजाबी ड्रेसही त्यांचाच. एका उन्हाळ्यात त्यांचे अंगणातले दोन ड्रम कुणीतरी रिकामे केले. खालांनी कुणाला दोष दिला नाही. नुसत्या रिकाम्या ड्रमकडं बोट दाखवून म्हणाल्या, "क्या बोलूं बाबा, पूरा सूख गया. जाने दो, मेरेकू अकेलीकू कितना लगता पानी."

झालं! गल्ली पेटली. पाणी नेलं होतं पलीकडच्या मेसवाल्यानं, हे तासाभरात उघड झालं. मामांच्या अंगणात अशी गर्दी, की त्यांची भिंत दिसेना. लोक म्हणाले मेस बंद करा, कुणी म्हणालं पोलिसात द्या. आणि एक इसम सगळ्यांत वरच्या पट्टीत ओरडला, "धिंड काढा! गाढवावरून धिंड काढा! गाढव मी आणतो!"

तो इसम मी होतो. गाढव कुठून आणणार होतो, हे मला आजही माहीत नाही.

मामांनी निकाल दिला: जेवढं नेलं तेवढं येणाऱ्या पहिल्याच नळाच्या दिवशी आपल्या वाट्यातून, दिवसाढवळ्या, समोरच्या गेटातून, बादलीबादलीनं, स्वतःच्या हातानं भरायचं. गल्लीला हा निकाल फार मिळमिळीत वाटला. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच गेलंय," मामांची पाठ म्हणाली.

आता आमचे शेजारी. यांना गल्ली टेपवाले म्हणायची. शर्टाच्या खिशात पेन असतं तसा यांच्या खिशात मोजायचा स्टीलचा टेप. आमच्या दिवाळीच्या रांगोळीची एक पाकळी त्यांच्या हद्दीत चार बोटं आली, तेव्हा त्यांनी ती मोजली, वहीत लिहिली आणि पुसली. माझी स्कूटर भिंतीपासून किती इंचांवर उभी आहे हे ते मला रोज सकाळी सांगायचे, लोक पंचांग सांगतात तसं. मुलांचे चेंडू त्यांच्या आवारात गेले की परत यायचे नाहीत. वाढदिवसाचा केक त्यांनी कापला तर सगळे तुकडे सारखे निघत असतील, पण खायला कोण जाणार?

त्यांच्या गच्चीला आमची गॅलरी लागून होती. त्यांची टाकी वर, आमचे ड्रम खाली. या भूगोलातच पुढचा इतिहास आहे.

माझ्या मुलीला बघायला लासूर स्टेशनची मंडळी येणार होती. रविवारी सकाळी अकरा वाजता. मुलाच्या वडिलांचं तिथल्या बाजारात धान्याच्या अडतीचं दुकान, मुलगा इथंच एका कंपनीत इंजिनिअर. याआधीची दोन स्थळं जुळता जुळता फिसकटली होती, आणि दुसऱ्या वेळी तर मुलगी खोलीचं दार लावून दिवसभर बाहेर आली नव्हती. मुलगा यावेळी तिच्याच ओळखीतला, तिला आवडलेला. प्रश्न फक्त त्याच्या वडिलांचा. ते माणूस पारखून घेतात, असं कानावर आलं होतं. आमच्या घरात पारखण्यासारखा माणूस म्हणजे मी. त्यामुळं सगळे काळजीत होते.

गुरुवारी बायको म्हणाली, "अहो, पडदे, चादरी धुवायच्या आहेत. मी बाजारातून येते, तेवढा ड्रमचा कॉक घट्ट बंद करा." मी जाऊन कॉक फिरवला. घट्ट फिरवला. फक्त उलट्या बाजूला. आणि पेपर वाचत पडलो. बायको परत आली तेव्हा दोन्ही ड्रमचं पाणी गटारीतून वाहून, बहुधा स्टेशनापर्यंत पोचलं होतं.

बायको वीस वर्षांपूर्वी बोलायची. आता ती नुसती पडद्यांकडं बघते.

दुपारचे दोन. मे महिना. सगळी गल्ली कूलरसमोर झोपलेली. हिरवा पाइप घेऊन मी गॅलरीच्या कठड्यावर चढलो, एक टोक टेपवाल्यांच्या टाकीत सोडलं आणि दुसरं तोंडात धरून ओढलं. तोंडात पाणी आलं तेव्हा खरं सांगतो, मनाला काडीचंही लागलं नाही. उलट रांगोळीची ती पाकळी आठवली आणि गार वाटलं. पलंगपोस, चादरी, पडदे, सगळं धुऊन निघालं. माझे हातसुद्धा.

शुक्रवारी संध्याकाळी मामांच्या अंगणात टेपवाले उभे राहिले. खिशातून वही काढली आणि नियमाप्रमाणं सुरू झाले, "सदर इसमाच्या टाकीत बुधवारी बेचाळीस इंच पाणी होतं. गुरुवारी एकवीस इंच. एकवीस इंच म्हणजे पंचवीस बादल्या आणि वर एक तांब्या."

मामा भिंतीला म्हणाले, "तांब्या माफ. फुडं."

नाव घेतलं नव्हतं, पण इंच ऐकल्यावर नाव घ्यायची गरज काय? गल्लीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कुणी म्हणालं, आटलं असेल. कुणी म्हणालं, टाकीच आखडली असेल उन्हानं, पुन्हा मोजा. मागून एकजण म्हणाला, "ज्या इसमानं हे काम केलं त्या इसमाचा शाल-नारळ देऊन सत्कार करा." टाळ्या पडल्या. मी नम्रपणे मान खाली घातली. इतकं कौतुक मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, आणि मिळालं तेही बिननावाचं!

टेपवाले थांबले. वही मिटली. "मामा," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "घरात वर्षाचं करायचंय. त्यासाठी पाणी राखून ठेवलं होतं. एवढंच सांगतो." आणि निघून गेले.



वर्षाचं! टेपवाल्यांची बायको गेलं वर्षभर कुणालाच दिसली नव्हती. आत्तापर्यंत कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आता सगळ्यांच्या एकदमच आलं. नियमामुळं कुणाला विचारताही येईना, की वर्षाचं म्हणजे कुणाचं वर्ष? खालांनी ओढणी तोंडाला लावली. "हाय अल्ला! बेचारी गुजर गई, और हमकू पताच नै."

"अगं बाई, आणि वर्षश्राद्धाचं पाणी चोरलं मेल्यानं!" माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. "माणूस की राक्षस?" शाल-नारळवाल्या गृहस्थांनी त्या चोराचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाका, असं सुचवलं. कुणीतरी धिंडीचाही विषय काढला. गाढव कोण आणणार, यावर चर्चा थांबली. मी गर्दीतून वाट काढत घरी आलो आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तसाच खाली ठेवला. बायको म्हणाली, "श्राद्धाच्या पाण्यात पडदे धुतलेत तुम्ही." मी पडद्यांकडं बघितलं. फार स्वच्छ निघाले होते.

शनिवारी सकाळी गल्लीनं भेटायला जायचं ठरवलं. दुःखाच्या घरी नेतात तसं पिठलं-भात घेऊन माझी बायको पुढं, पांढरी ओढणी घेऊन खाला, मागं आम्ही पाच-सात पुरुष पडेल चेहऱ्यानं. माझा चेहरा सगळ्यांत पडेल, कारण माझा खरा होता. बेल वाजवली. दार उघडलं.

दारात टेपवाल्यांची बायको उभी. जिवंत. धडधाकट. हातात सोऱ्या, कोपरापर्यंत गव्हाचा चीक.

"या, या," ती म्हणाली. "अगं बाई, एवढे सगळे? कालच म्हटलं यांना, वर्षभर लेकीकडं बाळंतपणाला राहिले, गल्लीला सवय तुटली असेल. वर्षाच्या कुरडया घालायला काढल्यात. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, आणि पाणीच गेलं चोरीला. हे काय, पिठलं? कशाबद्दल हो?"

शेवटी खालांनी तिच्या गालावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "जिंदा है तू, इसकी खुशी में."

गेटाबाहेर येईपर्यंत कसंबसं धरलं, मग गल्ली अशी हसली की कुत्री उठून बसली. आणि हसू ओसरल्यावर राग आला. टेपवाल्यांचाच. कुरडयांसाठी एवढं नाटक! वर्षाचं म्हणे! चोरानं केलं ते बरंच केलं. शाल-नारळ पुन्हा चर्चेत आले. माझ्या जिवात जीव आला. रविवारचे पाहुणे, धुतलेले पडदे, मुलीचा हसरा चेहरा, सगळं पुन्हा जागच्या जागी.

संध्याकाळी मामांनी गल्लीला बोलावणं पाठवलं. म्हणजे अंगणातूनच पुकारलं. खुर्ची भिंतीकडं.

"काल सांजच्याला पयल्यांदा हसलात," मामा म्हणाले. "मंग रडलात. आज परत हसताय. या दोन दिसांत पानी किती गेलं? पंचवीस बादल्या. हसलात तवा पंचवीस, रडलात तवा पंचवीस. बाई मेली व्हती तवा काय तीस झाल्या व्हत्या?"

"अहो पण मामा," शाल-नारळवाले म्हणाले, "माणूस कोण आहे ते बघा ना."

"तेच बघायचं नाय म्हनून तर भिताड बघत बसलोय अकरा वर्सं." मग भिंतीलाच विचारलं, "खालाचं पानी गेलं तवा कुनीतरी लई वरडलं व्हतं. गाढव मी आणतो म्हनलं व्हतं. कोन व्हतं त्ये?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. ज्या माणसानं खालांसाठी गाढव आणायची तयारी दाखवली, त्यानं आता टेपवाल्यांसाठीही दोन शब्द बोलावेत, एवढीच मामांची अपेक्षा असणार. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? बायको शेजारी होती. ती पडद्यांकडं बघते तसं माझ्याकडं बघत होती.

"मामा," मी म्हणालो, "सदर पाणी एका इसमानं घेतलं."

"त्ये आमाला बी ठावं हाय. कोनत्या इसमानं?"

"जो इसम... सध्या इथं उभा आहे."

"उभे तर समदेच हायत. खुर्ची एकच हाय."

"ज्या इसमाच्या मुलीला उद्या बघायला येणार आहेत तो."

पाठ हलली नाही. मानेवरच्या तीन वळ्या मात्र ताठ झाल्या. मग भिंतीकडून आवाज आला, आणि पहिल्यांदाच तो आवाज स्वयंपाकघरापलीकडं गेला नसेल इतका बारीक होता. "नळ उद्याच हाय."

"मामा, पुढच्या रविवारी भरतो की. उद्या अकराला पाहुणे..."

"मेसवाल्याला फुडचा रविवार दिला व्हता का?"

दिला नव्हता. मीच तर म्हणालो होतो, एवढंच?

घरी गेलो तर मुलीला सगळं समजलं होतं. ती दाराला टेकून उभी होती. "बाबा, तुम्ही कुणाला सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "जाऊ दे. त्या लोकांना नंतर कळलं असतं तर आणखी वाईट. पण अकराच्या आत संपवा, प्लीज."

नळ आला साडेनऊला, तोही करंगळीएवढा. मी टॉवेल कमरेला गुंडाळून, बादली घेऊन सुरुवात केली. आमच्या नळापासून टेपवाल्यांचं गेट, गेटापासून दोन मजले जिना, जिन्यावर टाकी. मामा गेटाशी पाठमोरे बसलेले. गेट करकरलं की आकडा पुकारायचे. कोर्टाची सवय, आकडा स्टेशनाच्या फलाटावर ऐकू जायचा. "एऽऽक!" टाकीपाशी टेपवाले टेप सोडून इंच बघत होते. गल्ली गॅलऱ्यांतून बघत होती. सुरुवातीला कुणी शिट्टी मारली. सातव्या-आठव्या बादलीनंतर शिट्ट्या थांबल्या. माझं पोट, माझा दम आणि ते दोन जिने, हे तिन्ही एकत्र बघून भल्याभल्यांचं काळीज द्रवलं असतं. टेपवाल्यांची बायको तर म्हणाली, "राहू द्या हो आता. बिचारे पडतील कुठंतरी." खाला वरून ओरडल्या, "मामू, बस करो, भाई मर जाएगा!" ज्या गल्लीला कालपर्यंत टेपवाल्यांची दया नव्हती, तिला आता चोराची आली.

पंधराव्या बादलीला गाडी थांबली. अकराला पाऊण तास होता, पण लासूरची माणसं बाजाराच्या वेळेची सवय असलेली, लवकरच येणार! गाडीतून मुलगा, त्याची आई आणि वडील उतरले. मी टॉवेलवर, ओलाचिंब, बादली हातात. नमस्कार करायला हात मोकळे नव्हते, म्हणून बादलीसकट वाकलो. थोडं पाणी त्यांच्या बुटांवर गेलं.

"काय चाललंय?" वडिलांनी विचारलं.

"यांचं पाणी चोरलं होतं," मी म्हणालो. "ते परत भरतोय." आता काय लपवायचं?

ते गेटाशीच, मामांच्या शेजारी उभे राहिले. पारखून घेणारा माणूस.

सतराव्या बादलीला मी पायरीवर बसलो. उठवेचना. खाली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामांनी वळून माझ्याकडं बघितलं होतं. काम चालू असताना, निकालाच्या आत, अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी उठलो.

"अठराऽऽ!" मामा पुकारले.

पुढची बादली घेऊन मी गेटातून आत शिरलो. गेट करकरलं. मामा माझ्याकडंच बघत होते. खाकरले.

"पंचवीस!"

वर टेपवाल्यांनी टाकीतला टेप बघितला. मग मला बघितलं. मग सगळी गल्ली बघत असताना त्यांनी टेप खटकन आत ओढून घेतला आणि खिशात टाकला. "भरली," ते म्हणाले.

मी काहीच बोललो नाही. बोलायला दम नव्हता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. दम होता.

"मामा," खालून मुलाच्या वडिलांचा आवाज आला, "आमच्याकडं लासूरला अठरानंतर एकोणीस येतो."

मामांनी खुर्ची हळूच भिंतीकडं फिरवली.

"पाव्हणं, तुमी आजच आलाव," ते म्हणाले. "तुमाला मोजता यायचंच."

मी बादली उचलली. उरलेल्या सहा बादल्या मामांनी पुकारल्या नाहीत, त्या पाहुण्यांनी मोजल्या. हलक्या आवाजात, पोती मोजतात तशा, बोटं दुमडत. शेवटची ओतून मी खाली आलो तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी.

वर घरात सगळे बसले. धुतलेले पडदे वाऱ्यानं हलत होते, त्यांच्याकडं बघायचं मी टाळलं. रीतीप्रमाणं मुलगी ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन आली. मुलाच्या वडिलांनी ग्लास उचलला, उजेडात धरला आणि गंभीरपणे विचारलं, "बाळ, हे कुणाच्या टाकीतलं?"

माझ्या बायकोनं डोळे मिटले. मुलगी जराही न बिचकता म्हणाली, "आमच्याच नळाचं आहे, काका. पण आता तेवढंच उरलंय. नळ आठ दिवसांनी."

ते तिच्याकडं बघत राहिले. मग अर्धा ग्लास पाणी प्यायले, आणि उरलेला अर्धा न सांडता आपल्या मुलाच्या हातात दिला.